एक गाडी, दोन शोरूम: मधल्या सीटच्या पट्ट्यावर अडलेलं बुकिंग

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. चार वर्षांची मुलगी, नऊ महिन्यांचा मुलगा, त्यांचे आईबाबा आणि आजी. नावं देत नाही. मुलांच्या नात्याने आई, बाबा आणि आजी एवढंच म्हणते. जुनी छोटी गाडी अकरा वर्षं चालली होती. तिच्यात मुलांच्या दोन सीट लावल्या की मागे तिसरं माणूस बसूच शकत नव्हतं. आजींच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे घडीचा वॉकर सतत सोबत. म्हणजे पाचही जण निघाले की कुणीतरी वेगळं यायचं, आणि बहुतेक वेळा आजीच घरी थांबायच्या.

मी काही वर्षं एका शोरूमच्या बिलिंग टेबलावर काम केलं आहे. आता ओळखीच्या घरांना गाडी घेताना मदत करते. हे कुटुंब माझ्याकडे आलं तेव्हा टोकन भरून सात आठवडे झाले होते. त्याआधीचं त्यांनी सांगितलेलं आणि कागदांवरून जुळवलेलं आहे, त्यानंतरचं मी स्वतः पाहिलेलं.

गाडीची निवड त्यांनी फार चांगली केली होती. बहुतेक घरं इथेच घाई करतात, म्हणून ते सविस्तर सांगते.

पहिल्याच फेरीला त्यांनी मुलांच्या दोन्ही सीट, आजी आणि वॉकर असा सगळा संसार सोबत नेला. पहिली गाडी उंच होती. दार मोठं, पण पाय ठेवायची कडा इतकी वर की आजींना वरच्या दांडीला लटकून चढावं लागलं. दुसरी इतकी खाली की बसताना त्या घसरत गेल्या आणि उठायला दोघांचे हात लागले. तिसऱ्या गाडीत सीटची उंची त्यांच्या कमरेइतकी होती. त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, टेकल्या आणि वळल्या. कुणाचा हात लागला नाही.

मग प्रश्न मागच्या सीटचा. आयसोफिक्स म्हणजे मुलांची सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायची सोय. तिचे दोन खालचे हुक एकमेकांपासून २८० मिलिमीटर अंतरावर असतात आणि बहुतेक गाड्यांत ते फक्त कडेच्या दोन जागांना मिळतात. म्हणजे मुलांच्या सीट कडेला आणि मधे मोठं माणूस. आजी मधे मावणं शक्य नव्हतं. ठरलं ते असं: आजी पुढे चालकाशेजारी आणि आई मागे दोन्ही मुलांच्या मधे. त्यासाठी मुलीची सीट अरुंद बुडाची घ्यायची, नाहीतर मधल्या पट्ट्याचं कुलूप तिच्याखाली दबतं आणि बोटांना सापडत नाही.

सेल्समनने तीन रांगांची गाडी सुचवली होती. ‘सात जागा आहेत, मग प्रश्नच नाही.’ प्रश्न होता. दुसऱ्या रांगेत मुलाची सीट हुकांना लावली की ती रांग दुमडत नाही, आणि त्या बाजूने तिसऱ्या रांगेत जायची वाट बंद होते. शिवाय तिसरी रांग उभी असताना डिकीत वॉकर आडवा बसत नव्हता. कागदावर सात जागा, या घरासाठी मात्र चारच. त्यांनी ती सोडली आणि दोन रांगांची रुंद गाडी पक्की केली. हा निर्णय शेवटपर्यंत योग्य ठरला.

अडचण

पहिल्या दिवशी शोरूम अतिशय गोड वागलं. महिन्याचा शेवटचा शनिवार होता. टेस्ट ड्राइव्ह झाली, मुलांना फुगे मिळाले, आणि सेल्समन म्हणाला, “साहेब, वरच्या व्हेरिएंटमध्ये या रंगाची एकच गाडी आहे. आज टोकन टाकलंत तर तीन आठवड्यांत दारात.” बाबांनी कार्ड काढलं. आईने विचारलं, “पावतीवर तारीख येईल ना?” उत्तर आलं, “ताई, तारीख सिस्टीममध्ये आहे.”

पावतीवर मॉडेलचं नाव, रंग आणि रक्कम होती. व्हेरिएंट नव्हतं, डिलिव्हरीची तारीख नव्हती, बुकिंग रद्द केलं तर काय याबद्दल एक ओळही नव्हती.

चौथ्या आठवड्यापासून फोन लागेना. पाचव्या आठवड्यात कळलं की तो सेल्समन नोकरी सोडून गेला. नव्याने जुन्याचं काही मान्य केलं नाही आणि दुसरंच कोटेशन पुढे केलं. त्यात ॲक्सेसरीजचं पॅकेज, एक्स्टेंडेड वॉरंटी, शोरूमचाच विमा आणि शोरूमचंच कर्ज. ॲक्सेसरीज नको म्हटलं तर “गाडी फिट होऊनच आली आहे.” विमा बाहेरून घेतो म्हटलं तर “मग डिलिव्हरीला वेळ लागेल.”

इथे आतली गोष्ट सांगायला हवी. नव्या गाडीच्या मूळ किमतीवर विक्रेत्याला उरणारा वाटा बहुधा थोडा असतो. कमाई होते ती विमा, कर्ज, वॉरंटी आणि ॲक्सेसरीज यांवरच्या कमिशनमधून. त्यामुळे गाडीच्या किमतीत दिलेली सवलत या चार ओळींमधून परत वसूल होऊ शकते, आणि एकूण आकड्याकडे पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

कर्जाचंही तसंच. बाबांना हप्ता जड वाटला तेव्हा नव्या सेल्समनने पाच वर्षांचं कर्ज सात वर्षांचं केलं आणि हप्ता सुमारे २२ टक्क्यांनी उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच मोजलेल्या, ९ टक्के दराने पाच वर्षांत शंभरामागे साधारण साडेचोवीस व्याज जातं, सात वर्षांत पस्तीस. तो फरक कुणी मांडून दाखवला नव्हता. त्यांना दाखवलेल्या दुसऱ्या योजनेत दर ‘फक्त ७ टक्के’ होता, पण तो फ्लॅट दर होता. पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीचे जवळपास साडेबारा टक्के, कारण मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच मोजलं जातं. दोन दर शेजारी ठेवताना दोन्ही एकाच जातीचे आहेत का, एवढं विचारलं असतं तरी ही योजना तिथेच मागे पडली असती.

सातव्या आठवड्यात फोन आला, यार्डात गाडी तयार आहे. रंग तोच, व्हेरिएंट एक पायरी खालचं. “सगळं तेच आहे, फक्त स्क्रीन लहान.” बाबा तयार होते. जुन्या गाडीचा क्लच घसरायला लागला होता आणि तिच्या एक्स्चेंज किमतीची मुदत चार दिवसांत संपत होती.

आईने रात्री माहितीपत्रकाचं शेवटचं पान काढलं, जिथे बारीक अक्षरांत तक्ता असतो. वरच्या व्हेरिएंटमध्ये मागच्या तिन्ही जागांना तीन बिंदूंचे, म्हणजे कंबर आणि खांदा दोन्ही धरणारे, पट्टे होते. खालच्यात मधल्या जागेला फक्त कमरेचा. म्हणजे रोज जिथे ती स्वतः बसणार होती, नेमकी तीच जागा.

कमरेचा पट्टा ओटीपोटाला धरून ठेवतो, पण धक्क्यात छाती आणि डोकं पुढे दुमडतात. तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये निल्स बोहलिन या अभियंत्याने व्होल्वोसाठी विकसित केला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर उत्पादकांनाही खुलं ठेवलं. इतक्या जुन्या आणि सगळ्यांना मोकळ्या असलेल्या गोष्टीबद्दल ‘फक्त स्क्रीन लहान’ असं सांगितलं गेलं, याचा मला आजही राग येतो. विकणाऱ्याला कदाचित फरक ठाऊकही नसेल. पण ठाऊक नसताना ‘सगळं तेच’ म्हणायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी आईने मला फोन केला.

समोरचे पर्याय

मी पहिल्यांदा एकच विचारलं: “तुमची नाराजी गाडीवर आहे की शोरूमवर?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तोपर्यंत घरात दोन तट पडले होते. बाबांचं म्हणणं, गाडी चांगली आहे तर बाकीचं सोसू. आईचं म्हणणं, असल्या लोकांची गाडीच नको. दोघेही गाडी आणि विक्रेता यांचं एकच गाठोडं करून बोलत होते. गाडी बनवणारा वेगळा, विकणारा वेगळा. तीच गाडी दुसरीकडे मिळते आणि वॉरंटी उत्पादकाची असल्याने सहसा त्याच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला चालते. हे वेगळं केल्यावर पर्याय स्वच्छ दिसू लागले.

यार्डातली गाडी घेणं हा पहिला. लगेच सुटका, पण मधल्या पट्ट्यावर तडजोड. आजी हे ऐकत बसल्या होत्या. त्या सुनेला म्हणाल्या, “अगं, तू मधे बसणार ना? मग राहू दे ती. मी आणखी दोन महिने घरी थांबेन.” तो पर्याय तिथेच मिटला.

वाट पाहणं हा दुसरा. त्यात वाईट काही नव्हतं, फक्त ज्यांनी तीन तारखा चुकवल्या त्यांच्या चौथ्या तारखेवर विसंबायचं होतं. तिसरा, वेगळंच मॉडेल शोधणं. बाबांना एका गाडीचे धडक-चाचणीतले सुरक्षिततेचे ‘पाच तारे’ आवडले होते. मी त्यांना त्या चाचणीचं वर्ष बघायला सांगितलं. युरो एनकॅप या युरोपातल्या धडक-चाचणी संस्थेने पहिले निकाल १९९७ मध्ये दिले आणि तेव्हापासून निकष वेळोवेळी कडक केले, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नव्या वर्षाचे पाच तारे सारखे नसतात. त्या गाडीचा निकाल बराच जुना होता. शिवाय तिच्यात आजींची उंची, सीटची रुंदी, वॉकर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून बघावं लागलं असतं.

चौथा पर्याय, बुकिंग रद्द करून तीच गाडी, तेच व्हेरिएंट दुसऱ्या शोरूममधून घेणं. भीती एकच: टोकन बुडालं तर?

बाबांना आणखी एक करायचं होतं. शोरूममध्ये जाऊन सगळ्यांसमोर आवाज चढवायचा. त्यांचा संताप रास्त होता, पण मी थांबवलं. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. ओरडून गेलेल्या माणसाचा मागे काही कागद राहत नाही, आणि वरच्या माणसापर्यंत ‘ग्राहक तापट होता’ एवढंच पोचतं.

काय केलं

चौथा पर्याय ठरला, आणि टोकनसाठी लेखी पाठपुरावा.

एका संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून फोनमधली कॉल लिस्ट, मेसेज, पावती आणि दोन्ही कोटेशनं तारखेप्रमाणे लावली. त्यातून एका पानाचं पत्र झालं. विशेषणं सगळी काढून टाकली. ‘उद्धट वागणूक’ होतं तिथे ‘अमुक तारखेपासून अकरा फोन केले, एकाही फोनला उत्तर नाही’ असं लिहिलं. मागणी एकच ठेवली: टोकनची पूर्ण रक्कम, पंधरा दिवसांत, ज्या कार्डावरून भरली त्याच कार्डावर. शेवटी दोन प्रश्न: “विमा आणि ॲक्सेसरीज आपल्याकडूनच घेणं ही विक्रीची अट आहे का, ते लेखी कळवावं. खालच्या व्हेरिएंटच्या मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, तेही लेखी कळवावं.” पहिला प्रश्न मी मुद्दाम घालायला लावला. तोंडी सक्ती करणारे ती सक्ती कागदावर उतरवायला फारसे धजत नाहीत.

पत्र सेल्समनला पाठवलं नाही. शोरूमच्या अधिकृत ईमेलवर, जनरल मॅनेजरच्या नावाने पाठवलं आणि उत्पादकाच्या ग्राहक विभागाला प्रत जोडली. शोरूमला उत्पादकाची एजन्सी टिकवायची असते, म्हणून ती प्रत महत्त्वाची. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला: “मॅडम, असं पत्र कशाला? समोरासमोर बसून बोलू.” आईने शांतपणे सांगितलं, “नक्की बोलू. आधी पत्राला उत्तर द्या.”

उत्तराची वाट न बघता दुसरं शोरूम शोधलं. ते लांब होतं. तिथे जाताना क्रम उलटा केला. आधी ईमेलवर प्रत्येक ओळ सुटी असलेलं कोटेशन मागितलं: गाडी, कर, नोंदणी, विमा, आणि बाकी जे असेल ते वेगळं. कर्जाचा दर आधीच बँकेकडून लिहून घेतला. जुन्या गाडीची किंमत दोन ठिकाणी विचारून ठेवली आणि नव्या गाडीचा आकडा पक्का होईपर्यंत तिचा विषयच काढला नाही. एकाच टेबलावर नवी गाडी, जुनी गाडी आणि हप्ता अशा तिन्हींची बोलणी चालली की एकीकडे सुटलेलं दुसरीकडे कापलं जातं आणि हिशोब लागत नाही.

टोकन दिलं, पण पावतीवर व्हेरिएंट, रंग, तारीख आणि ‘तारीख टळल्यास पूर्ण परतावा’ हे हाताने लिहून घेऊन शिक्क्यानिशी.

गाडी आली तेव्हा उरलेली रक्कम भरण्याआधी आणि नोंदणीआधी ती यार्डात दिवसाउजेडी बघितली. नोंदणी झाली की गाडी कागदोपत्री तुमची, मग बदलून मिळणं फार कठीण. चासी नंबरचे सतराही अंक-अक्षरं कागदाशी जुळवली. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणून एक आणि शून्य वाचताना गोंधळायचं कारण नाही. मग टायर. टायरच्या भिंतीवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तीन टायर एकाच महिन्यातले निघाले, चौथा त्यांच्याहून सव्वा वर्षाने जुना. बॅटरीचा व्होल्टेज थांबलेल्या गाडीत १२.२ आला. पूर्ण भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत असं होतं, आणि तशीच अर्धी पडून राहिलेली बॅटरी लवकर जाते. ब्रेकच्या चकत्यांवर तांबूस गंज होता, तो वरवरचा, दोन-चार ब्रेक मारले की जातो. त्यासाठी अडून बसलो नाही.

अडलो ते मागच्या दारावर. सावलीत काही दिसत नव्हतं. उन्हात तिरकं उभं राहिल्यावर त्या दाराचा रंग शेजारच्या पत्र्याहून किंचित दुधी दिसला, आणि रबराच्या कडेला रंगाचा बारीक फवारा बसलेला. कारखान्यातून आलेल्या गाडीत रबरावर रंग नसतो. दार कुठेतरी घासलं होतं आणि पुन्हा रंगवलं होतं.

इथे बाबा डगमगले. “एवढंसं तर आहे. परत थांबायचं?” मलाही क्षणभर वाटलं की घ्यावी. टायर आणि बॅटरी ते लगेच बदलून देत होते, दारासाठी सवलत देत होते. शेवटी निर्णय एका प्रश्नावर झाला. आईने विचारलं, “हे नुसतं घासलं होतं की दार ठोकून सरळ केलंय, हे तुम्ही लिहून द्याल?” तिथला मॅनेजर प्रामाणिक होता. म्हणाला, “नाही देऊ शकत, वाहतुकीत काय झालं ते मला माहीत नाही. दुसरी गाडी मागवतो.” पहिल्या शोरूममध्ये इतके दिवस जे मिळालं नव्हतं, ते या एका वाक्यात मिळालं.

निष्पत्ती

दुसरी गाडी अकरा दिवसांनी आली. टायर एका वयाचे, बॅटरी १२.६, रंग एकसारखा. बिलावर विमा, कर, नोंदणी या ओळी आणि फक्त पायाखालचे मॅट. कर्ज पाच वर्षांचं, बँकेचं.

पहिल्या शोरूमने टोकन पत्रानंतर एकोणिसाव्या दिवशी पूर्ण परत केलं. पंधराव्या दिवशी एक आठवण पाठवावी लागली, त्याच पत्राखाली, एका ओळीची.

आजी आता सोबत जातात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी टोकन. ते देण्यात चूक नव्हती, कोऱ्या पावतीवर देण्यात होती. शनिवारी आईने तारखेबद्दल विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि उत्तर अपुरं होतं. तिथेच ‘मग उद्या येतो’ म्हणून उठायला हवं होतं. महिन्याच्या शेवटी विक्रीचं टार्गेट असतं, आणि ‘आजच’ची घाई बहुधा त्या टार्गेटची असते. गाडी सहसा सोमवारीही तिथेच असते.

पाचवा आठवडा दुसरा टप्पा. सेल्समन बदलला त्याच दिवशी जुनं बोलणं ईमेलने मॅनेजरकडून मान्य करून घ्यायला हवं होतं. दोन आठवडे त्यांनी नव्या माणसाला सगळं पुन्हा समजावण्यात घालवले.

माझीही एक चूक नोंदवते. दुसऱ्या शोरूममध्ये मी कागद आणि रंग डोळ्यांत तेल घालून बघितले, पण मुलाची सीट पूर्ण मांडणीसह पुन्हा लावून बघितली नाही, कारण ‘ते आधीच झालंय’ असं गृहीत धरलं. आधी झालं होतं ते पुढच्या सीटवर बाबा बसले असताना. बाळाची सीट मागे तोंड करून असते. आर१२९ या मुलांच्या सीटबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात ती निदान पंधरा महिन्यांपर्यंत तशीच ठेवायची आहे, कारण त्या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. अशी सीट पुढच्या पाठीला टेकते. आजींचा गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यांना सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे हवी. पहिल्याच लांबच्या फेरीत त्यांचे पाय अवघडले आणि त्या काही बोलल्या नाहीत. ते आईच्या लक्षात आलं.

मग बाळाची सीट चालकामागे हलवली. त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला सीट पुढे घ्यावी लागते. बाबा उंच, त्यांना ते जमेना. आई बुटकी, तिला जमलं. आता पाचही जण असले की गाडी आई चालवते आणि मधल्या जागेवर बाबा बसतात, तीन बिंदूंचा पट्टा लावून.

पत्रातल्या दोन प्रश्नांना पहिल्या शोरूमने मात्र अजून उत्तर दिलेलं नाही. पैसे परत आले तरी आईने ते प्रश्न मागे घेतले नाहीत. खालच्या व्हेरिएंटच्या मधल्या पट्ट्याबद्दलचा मेल तिने गेल्या महिन्यात पुन्हा पाठवला, कारण ती गाडी त्या यार्डातून आता दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेली आहे.